ट्रॅप वेळेवर साफ होत होता, तरी चेंबर तुंबत होते : नेरुळमधील एका उपाहारगृहाचे प्रकरण

पार्श्वभूमी

नेरुळच्या एका सेक्टरमध्ये सात मजली इमारतीच्या तळमजल्यावर सुमारे साठ आसनांचे मालवणी उपाहारगृह आहे. वर सदनिका, खाली दुकानांची रांग, मागच्या बाजूला अरुंद मोकळी जागा आणि त्या जागेखालून जाणारी सोसायटीची मलवाहिनी अशी रचना नवी मुंबईत ठिकठिकाणी आढळते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील येथे बदलले आहेत. घटनाक्रम मात्र घडला तसाच मांडला आहे.

हा गाळा मुळात दुकानासाठी बांधलेला होता. एखादे हात धुण्याचे बेसिन आणि एक शौचालय एवढ्याच पाण्याचा विचार करून चार इंची वाहिनी टाकलेली होती. पुढे तेथे उपाहारगृह आले, दोन वेळच्या जेवणाची गर्दी वाढली आणि त्याच वाहिनीतून रोज हजारो लिटर तेलकट पाणी जाऊ लागले. मालवणी स्वयंपाकाचे सांडपाणी जड असते. वाटणातील खोबऱ्याचा चोथा, सुक्या मटणाच्या टोपाला चिकटलेली चरबी, कोंबडी-वड्यांच्या कढईच्या तळाचे तेल, कोळंबीची साले आणि भाताची शिते हे सारे भांडी घासताना एकत्र येते.

अन्न परवाना घेताना सिंकखाली साठ लिटर क्षमतेचा स्टीलचा ग्रीस ट्रॅप, म्हणजे सांडपाण्यातील तेल-चरबी अडवणारी पेटी, बसवण्यात आला होता. केटरिंग आस्थापनांच्या तपासणीसाठी भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाची जी तपाससूची आहे, तिच्यात निचऱ्याची व्यवस्था अपेक्षित प्रवाहाला पुरेल अशी आणि ग्रीस व झुरळांसाठी ट्रॅप असलेली असावी, असा मुद्दा आहे. ट्रॅप असल्यामुळे रकान्यात टिक झाली. ‘अपेक्षित प्रवाहाला पुरेल’ हा त्याच मुद्द्याचा अर्धा भाग कोणी तपासला नाही. एका ठेकेदाराकडे पंधरवड्याच्या सफाईचे काम होते, प्रत्येक फेरीचे 1,200 रुपये दिले जात होते आणि व्यवस्थापकाच्या फायलीत सगळी बिले क्रमाने लावलेली होती.

समस्या

आषाढाच्या शेवटच्या आठवड्यात, म्हणजे श्रावण लागण्यापूर्वी मांसाहारी उपाहारगृहांत सर्वाधिक गर्दी असते तेव्हा, मागच्या बाजूचे दोन चेंबर भरून वाहू लागले. पावसाचा जोर होता, त्यामुळे सुरुवातीला सर्वांनी दोष पावसाला दिला. जोरदार पाण्याच्या झोताने वाहिनी मोकळी करणारी जेटिंग गाडी बोलावली की चार-पाच दिवस बरे जात आणि पुन्हा तेच होई. चेंबरच्या झाकणाखाली राखाडी-पांढरा, साबणासारखा घट्ट थर जमलेला दिसत होता. पहिल्या मजल्यावरील रहिवाशांनी तक्रार केली, सोसायटीने उपाहारगृहाला पत्र दिले आणि त्यापाठोपाठ महापालिकेच्या विभाग कार्यालयाची नोटीस आली. तिच्यात सांडपाणी उघड्यावर येणे बंद करण्यास व केलेल्या उपायांचा खुलासा करण्यास सांगितले होते.

मालकांची भूमिका समजण्यासारखी होती. ट्रॅप आहे, त्याची सफाई वेळेवर होते, बिले आहेत, मग दोष आमचा कसा, असे ते विचारत होते. सोसायटीचे म्हणणेही तितकेच सरळ होते, कारण उपाहारगृह येण्यापूर्वी हे चेंबर कधी तुंबले नव्हते.

याच आठवड्यात पहिला निर्णयाचा क्षण आला. जेटिंगच्या पाण्याने थर फुटेना, तेव्हा प्लंबरने सुचवले की सोबतचा मुलगा आत उतरवून पहारीने थर फोडता येईल. चेंबर सात फुटांहून खोल होते. व्यवस्थापक तयार झाला होता, कारण रात्रीच्या जेवणाची वेळ जवळ आली होती. सोसायटीच्या सेक्रेटरींनी नकार दिला आणि तो लेखी नोंदवून ठेवला. अशा चेंबरमध्ये प्राणवायूविना कुजणाऱ्या पदार्थांतून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. तो हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतो आणि त्याचे प्रमाण घातक पातळीला गेले की नाकाला त्याचा वासच येईनासा होतो, त्यामुळे ‘वास येत नाही म्हणजे हरकत नाही’ हा अंदाज जिवावर बेततो. हाताने मैला उचलण्यास प्रतिबंध करणाऱ्या 2013 च्या कायद्यानुसार मलवाहिनीची किंवा सेप्टिक टाकीची धोकादायक सफाई माणसाकडून करून घेणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा त्यात आहे. मलवाहिनीत मृत्यू झाल्यास 30 लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये सांगितले. त्या संध्याकाळी उपाहारगृह बंद राहिले आणि दुसऱ्या दिवशी अधिक दाबाची गाडी मागवून काम बाहेरूनच झाले. या संपूर्ण प्रकरणात घेतलेला सर्वांत योग्य निर्णय हाच होता, असे आमचे मत आहे.

तपासणीत काय आढळले

खुलासा देण्यासाठी मुदत थोडी होती. तरीही उपाययोजना ठरवण्याआधी पाणी नेमके कोठून कोठे जाते हे पाहायचे ठरले. सिंक, फरशीवरची मोरी आणि तयारीच्या ओट्याजवळचे बेसिन अशा तिन्ही ठिकाणी एकामागून एक खाण्याचा रंग कालवलेले पाणी सोडून ट्रॅपमध्ये व मागच्या चेंबरमध्ये नजर ठेवण्यात आली. सिंकचे पाणी ट्रॅपमध्ये आले. मोरीचे पाणी ट्रॅपला वळसा घालून थेट चेंबरमध्ये उतरले. मोठे टोप, कढया आणि तवे याच मोरीवर घासले जात होते. सिंकमध्ये मुख्यतः ताटे-वाट्या धुतल्या जात. याचा अर्थ सर्वाधिक तेलकट पाणी ट्रॅपला कधी भेटतच नव्हते.

दुसरी बाब आकाराची. सिंकच्या प्रत्येक कप्प्यात साधारण नव्वद लिटर पाणी मावत होते आणि गर्दीच्या वेळी दोन कप्पे एकदम रिकामे केले जात. सुमारे दोन मिनिटांत 180 लिटर म्हणजे मिनिटाला नव्वद लिटर. साठ लिटरच्या ट्रॅपमध्ये हे पाणी जेमतेम चाळीस सेकंद थांबत असे, तेही ट्रॅपमध्ये ग्रीस व गाळ अजिबात साचलेला नसला तर. ग्रीस ट्रॅपचे सारे काम पाण्याच्या या थांबण्यावर चालते. तेल पाण्याहून हलके असल्यामुळे वर येते, पण त्याला वेळ लागतो आणि थेंब जितका लहान तितका तो वेळ झपाट्याने वाढतो. थेंबाचा व्यास निम्मा झाला की वर चढण्याचा वेग चौथाई होतो. भांडी घासण्याचा द्रव साबण तेलाचे बारीक थेंब करतो आणि कढत पाणी चरबीला वितळलेले ठेवते. मटणाची चरबी चाळीस अंशांच्या वर तापमान असेपर्यंत पातळ राहते, त्यामुळे ती छोट्या ट्रॅपमधून पाण्याबरोबर निघून जाते आणि जमिनीखालच्या थंड वाहिनीत गोठते. तेथे तेलातील स्निग्धाम्लांची पाण्यातील आणि सिमेंटमधील कॅल्शियमशी गाठ पडते आणि साबणासारखा कठीण थर तयार होतो. चेंबरमधील राखाडी थर तोच होता.

या दोन कारणांवरच तपासणी थांबली असती, पण भांडी घासणाऱ्या मावशींनी व्यवस्थापकाला सहज सांगितलेल्या एका वाक्याने प्रकरणाला वेगळे वळण मिळाले. “ड्रम रिकामे आणतात आणि एका हातानं उचलून नेतात, दादा. मग त्यातलं गेलं कुठं?” ठेकेदाराची माणसे रात्री साडेअकराच्या सुमारास, गिऱ्हाईक उठल्यानंतर येत. पुढच्या दाराने बिलावर सही घेत आणि मागच्या बाजूला काम करत. त्या बाजूला रात्री कोणी जात नसे.

मालकांनी ठेकेदाराला त्याच क्षणी फोन करून फैलावर घ्यायचे ठरवले होते. तसे न करता पुढच्या फेरीची वाट पाहण्याचा सल्ला देण्यात आला, आणि तो त्यांनी नाखुशीने का होईना, मानला. सफाईपूर्वी खुणा केलेली काठी ट्रॅपमध्ये बुडवून वरची साय आणि तळाचा गाळ मोजण्यात आला. दोन्ही मिळून निम्म्याहून अधिक ट्रॅप भरलेला होता. काम झाल्यावर मासळी मोजून घेण्याच्या काट्यावर ड्रम ठेवण्याची विनंती व्यवस्थापकाने केली. तीस-पस्तीस किलो भरायला हवा होता तेथे ड्रम स्वतःचे वजन धरून नऊ किलो भरला. विचारणा केल्यावर उत्तर आले, “पाणी गाळून टाकतो, साहेब. सगळीकडे असंच करतात.” ट्रॅपमधून काढलेला माल काही वेळा मागच्या पावसाळी गटारात आणि काही वेळा, गटाराची जाळी तुंबलेली असली की, सोसायटीच्याच पुढच्या चेंबरमध्ये ओतला जात होता. तळाचा गाळ बहुधा काढलाच जात नव्हता.

म्हणजे उपाहारगृह दर पंधरा दिवसांनी पैसे देऊन आपलेच ग्रीस ट्रॅपमधून उचलून काही फुटांवरच्या चेंबरमध्ये ओतवत होते. फायलीतील बिलांवर ‘ट्रॅप सफाई – 1’ एवढाच मजकूर होता. किती लिटर निघाले, कोणत्या वाहनातून गेले आणि कोठे उतरवले, यांपैकी एकही नोंद नव्हती आणि ती कोणी मागितलीही नव्हती.

पावसाळी गटारात ओतणे अधिक गंभीर होते. मलवाहिनीतील पाणी निदान सांडपाणी प्रक्रिया केंद्रात जाते. नवी मुंबईची पावसाळी गटारे पाणी तात्पुरते साठवणाऱ्या धारण तलावांना मिळतात आणि ओहोटीच्या वेळी तेथील पाणी खाडीत सोडले जाते. मध्ये कोणतीही प्रक्रिया नाही.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय विक्रेत्यांनी आणला. ट्रॅपमध्ये रोज जिवाणूंची भुकटी टाकावी, म्हणजे ग्रीस विरघळून जाईल, असे त्यांचे म्हणणे होते. जिवाणू ग्रीस खातात हे खरे आहे, पण त्यांना तास-दिवस लागतात. चाळीस सेकंद थांबणाऱ्या पाण्यात, रोजच्या कढत पाण्याच्या आणि ब्लीचच्या माऱ्यात ते टिकणार नव्हते. अशा काही मिश्रणांत तेल केवळ पाण्यात मिसळवणारे घटक असतात. त्यांनी ट्रॅप स्वच्छ दिसतो आणि ग्रीस पुढे जाऊन साचते. हा पर्याय सोडून देण्यात आला. महिन्याला ठरावीक वेळा जेटिंग करण्याचा पर्यायही फार चर्चेत राहिला नाही, कारण त्यात ग्रीस फक्त आपल्या हद्दीतून पुढे ढकलले जाते.

खरी निवड दोन गोष्टींमध्ये होती. स्वयंपाकघराच्या आत मोठा ट्रॅप बसवायचा, की मागच्या मोकळ्या जागेत जमिनीखाली बांधायचा. आतला ट्रॅप कोणाच्याही परवानगीविना, आठवड्याभरात बसला असता. परंतु उपलब्ध जागेत तीनशे लिटरांच्या वर क्षमता मिळत नव्हती, मोरी फरशीच्या पातळीवर असल्याने तिचे पाणी उताराने त्यात आणता येत नव्हते आणि अन्न तयार होते तेथेच झाकण उघडून उपसा करावा लागला असता. बाहेरच्या ट्रॅपला यांपैकी एकही अडचण नव्हती, पण जागा सोसायटीची होती आणि उपाहारगृहावर चिडलेल्या सभासदांकडून नाहरकत मिळवायची होती.

मालकांचा कल आतल्या ट्रॅपकडे होता. मोठ्या टोपांची मोरी ट्रॅपबाहेरच राहणार असेल तर पुढच्या आषाढात हीच नोटीस पुन्हा येईल, या मुद्द्यावर त्यांनी मत बदलले.

निर्णय आणि कार्यवाही

सोसायटीच्या विशेष सभेत उपाहारगृहाने तपासणीचे निष्कर्ष, ठेकेदाराच्या प्रकारासह, स्वतःहून मांडले. ही गोष्ट झाकून ठेवावी असे काहींचे मत होते. पण चेंबरमध्ये ओतल्याची शंका दोन सभासदांना आधीच होती आणि ती उपाहारगृहानेच कबूल केल्यामुळे सभेचा सूर बदलला. नाहरकत अटींसह मिळाली. सर्व खर्च उपाहारगृहाचा, झाकणे वाहनाचा भार पेलणारी, अग्निशमन गाडीचा मार्ग मोकळा आणि सफाईच्या नोंदीची प्रत दर महिन्याला सोसायटीला.

शेवटची अट वरकरणी त्रासाची होती. तिचा उपयोग सर्वांत जास्त झाला.

काम श्रावणात करण्यात आले. गर्दी निम्म्यावर येते, त्यामुळे मागची बाजू आठवडाभर बंद ठेवणे परवडले. हजार लिटरांचा, दोन कप्प्यांचा ट्रॅप बांधण्यात आला. गर्दीच्या वेळी मिनिटाला सरासरी पस्तीस लिटर पाणी धरले तर सुमारे 28 मिनिटे थांबण्याचा वेळ मिळतो, आणि जमिनीखालच्या ट्रॅपसाठी अर्धा तास हे सर्वसाधारण गणित आहे. सिंकचे दोन कप्पे एकदम सोडू नयेत म्हणून निचऱ्याच्या नळीत प्रवाह रोखणारी चकती बसवली. मोरीची वाहिनी ट्रॅपकडे वळवण्यात आली. शौचालयाची वाहिनी मात्र जाणीवपूर्वक वेगळी ठेवली, कारण मैला ट्रॅपमध्ये आला तर त्यातील ग्रीस कोणीच स्वीकारत नाही. जुना थर निघेपर्यंत सोसायटीची पूर्ण वाहिनी एकदा शेवटपर्यंत जेटिंगने साफ करून घेतली.

स्वयंपाकघरातले बदल स्वस्त होते, पण रुजायला वेळ लागला. भांडे पाण्याखाली धरण्याआधी रबरी खरवडणीने पुसायचे आणि निघालेले खरकटे ओल्या कचऱ्यात टाकायचे, असा नियम झाला. सुरुवातीला भांडी घासणाऱ्यांना हे दुप्पट काम वाटले. काही दिवसांत साबण कमी लागतो आणि हात कमी भाजतात हे लक्षात आल्यावर विरोध मावळला. तळणीचे उरलेले तेल पूर्वी रात्री मोरीत जात असे. ते आता डब्यात साठवून वापरलेल्या खाद्यतेलाच्या अधिकृत संकलकाला दिले जाते. तळणीच्या तेलातील एकूण ध्रुवीय संयुगांचे (तेल पुन्हापुन्हा तापवल्याने तयार होणाऱ्या घटकांचे) प्रमाण 25 टक्क्यांहून जास्त झाले की ते वापरता येत नाही, असा नियम जुलै 2018 पासून आहे, आणि असे तेल जैवइंधनाकडे वळवण्यासाठी ‘रुको’ हा उपक्रम त्याच वर्षी सुरू झाला. ट्रॅपमधील ग्रीस आणि हे तेल एकत्र करू नये. गाळाने व साबणाने बिघडलेले ग्रीस तेलाच्या डब्यात गेले तर तो डबाही वाया जातो.

नवा ठेकेदार निवडताना दर हा शेवटचा निकष ठेवण्यात आला. माल कोठे उतरवणार, तेथे स्वीकारल्याची पावती मिळणार का आणि उपसा यंत्राने होणार का, हे प्रश्न आधी विचारले. तिघांपैकी दोघांना पहिल्याच प्रश्नाचे समाधानकारक उत्तर देता आले नाही. निवडलेल्या ठेकेदाराचा दर फेरीला 4,500 रुपये आहे. प्रत्येक फेरीच्या चलनावर वाहन क्रमांक, अंदाजे लिटर, साय व गाळाची सफाईपूर्व जाडी आणि उतरवण्याच्या ठिकाणाचा शिक्का असतो. ती पावती आल्याशिवाय बिल दिले जात नाही. सफाईची वेळ रात्रीची बदलून दुपारी साडेतीन ते पाच अशी केली. रहिवाशांना आवाजाचा थोडा त्रास होतो, पण काम सर्वांसमोर होते. उपसा झाल्यावर ट्रॅप स्वच्छ पाण्याने भरणे हेही चलनात नमूद आहे, कारण रिकाम्या ट्रॅपमध्ये पाण्याची पातळी निर्गम नळीपर्यंत येईपर्यंत तेल वेगळे होण्याची क्रियाच नीट सुरू होत नाही.

सफाईचे अंतर कॅलेंडरवर न ठरवता मोजमापावर ठरवले. साय आणि गाळ मिळून पाण्याच्या खोलीच्या चतुर्थांश झाले की उपसा करायचा. नव्वद सेंटिमीटर खोलीत हा टप्पा साधारण 22 सेंटिमीटरचा आहे. एरवी तो पंधरा दिवसांच्या आसपास येतो, श्रावणात महिन्यापर्यंत लांबतो आणि आषाढात आठ-दहा दिवसांतच गाठला जातो.

निष्पत्ती

पुढचा संपूर्ण पावसाळा, आषाढाच्या शेवटच्या आठवड्यासह, चेंबर वाहिले नाही. नोटिशीवरील खुलासा चलनांच्या प्रतींसह स्वीकारला गेला. सफाईचा मासिक खर्च जवळजवळ चौपट झाला. मात्र तातडीच्या जेटिंगचे आणि बंद राहिलेल्या संध्याकाळींचे नुकसान धरले तर वर्षाचा हिशेब पूर्वीपेक्षा थोडा हलकाच निघाला.

सांडपाण्याच्या नमुन्याबाबत मात्र पूर्ण समाधान नाही. सार्वजनिक मलवाहिनीत सोडायच्या पाण्यात तेल व ग्रीसची सर्वसाधारण मर्यादा लिटरला 20 मिलीग्रॅम आहे. कामापूर्वी घेतलेल्या नमुन्यात हे प्रमाण 310 होते, कामानंतर ते 46 वर आले. घट मोठी आहे, मर्यादा मात्र अजून गाठलेली नाही. साबणाने बारीक झालेले थेंब केवळ थांबण्याने वर येत नाहीत, हे त्याचे मुख्य कारण दिसते. साबणाचे माप ठरवून देणारा पंप बसवला आहे. तिसरा कप्पा जोडावा का, हे पुढचा नमुना पाहून ठरेल.

वेगळे काय करता आले असते

गाळा भाड्याने घेतानाच आतल्या वाहिन्यांचा नकाशा मागितला असता तर मोरीची चूक पहिल्या दिवशी दिसली असती. करारनाम्यात वीज आणि पाण्याची कलमे होती, सांडपाण्याचे एकही नव्हते. दुरुस्तीचा खर्च गाळामालकाने उचलायचा की भाडेकरूने, यावर नंतर बराच वाद झाला आणि शेवटी तो भाडेकरूवरच पडला.

ठेकेदाराविरुद्ध तक्रार न करता त्याला फक्त कामावरून काढण्यात आले. मालकांना वाद वाढवायचा नव्हता. आमच्या मते हा निर्णय योग्य नव्हता. तोच ठेकेदार त्याच दराने आजूबाजूच्या इतर स्वयंपाकघरांची कामे करत असणार आणि पावसाळी गटाराची जाळी सर्वांची एकच आहे. काट्यावरील वजन आणि काठीची मोजमापे हाती होती. विभाग कार्यालयाला दिलेल्या खुलाशात ती जोडता आली असती.

कचऱ्याच्या वजनाची नोंदही उशिरा सुरू झाली. त्या वेळी लागू असलेल्या घनकचरा व्यवस्थापन नियम, 2016 नुसार दिवसाला सरासरी शंभर किलोहून अधिक कचरा करणारी आस्थापना मोठी कचरानिर्मिती करणारी ठरते आणि तिच्यावरील जबाबदाऱ्या वाढतात. खरवडलेले खरकटे ओल्या कचऱ्यात जाऊ लागल्यावर हे उपाहारगृह शनिवार-रविवारी शंभर किलो ओलांडते आणि आठवड्याच्या सरासरीत थोडे खाली राहते. नोंद नसती तर हे सांगताच आले नसते.

शेजारच्या गाळ्यात आता एक केक-पेस्ट्रीचे दुकान आले आहे आणि त्यांनी आपले सिंक याच ट्रॅपला जोडू देण्याची विनंती केली आहे. ट्रॅपचे गणित एका स्वयंपाकघरासाठी केलेले असल्याने थांबण्याचा वेळ घटेल, आणि नमुना मर्यादेबाहेर गेल्यास नोटीस कोणाच्या नावे येईल हेही स्पष्ट नाही. सोसायटीने दोन्ही गाळ्यांकडून आठवडाभराच्या पाणीवापराची मोजणी मागवली असून तोपर्यंत जोडणी थांबवली आहे.